दिवाळीच्या सुटीतील नाटके

दिवाळीची सुटी लागली, की मी मुंबईची गाडी धरतो. निमित्त भाऊबिजेचे. ताई डोंबिवलीला असते. पण खरे कारण त्या घरात सर्वांना ठाऊक आहे. फराळाचे ताट पुढे येते न येते तोच भावोजी विचारतात, "काय मास्तर, या खेपेला किती?" किती म्हणजे लाडू नव्हेत, नाटके.

कोकणातल्या आमच्या गावी नाटक येते ते वर्षातून दोनचारदा. जत्रेतला दशावतार आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे मुंबईत पाऊल टाकले, की माझी अवस्था जेवणावळीत बसलेल्या उपाशी मुलासारखी होते. शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रातली नाटकांची पाने समोर घ्यायची, चित्रकलेच्या वहीतले एक पान फाडायचे, त्यावर रकाने आखायचे आणि एकेक प्रयोग बसवीत जायचे. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी, मुलुंडचे कालिदास. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले तर ताईच्या घरापासूनचेच. त्यात पुन्हा रविवारचा मेगाब्लॉक सांभाळायचा. मध्य रेल्वेची धीमी गाडी अडली, तर सकाळचा प्रयोग संपवून दुपारच्या नाटकाला पार्ले गाठता येत नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

आता या कागदाला मी 'प्लॅन' म्हणतो. पण नाटकवाल्यांच्या भाषेत प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. 'प्लॅन उघडला' म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली. खिडकीपलीकडचा मनुष्य त्या कागदावर पेन्सिलीने फुली मारी आणि 'एफ बारा घ्या, बरी आहे' असे सांगे. आता खुर्ची मोबाईलवर आपली आपणच निवडायची. सोय झाली खरी, पण ती बरी की वाईट हे सांगणारा मात्र कोणी उरला नाही. असो.

या लेखात मला सांगायचे आहे ते माझ्या 2022 सालच्या प्लॅनविषयी. कारण त्यात मी एका चांगल्या नाटकावर अन्याय केला.

त्या दिवाळीला करोनाची दोन वर्षे नुकतीच मागे पडली होती. नाट्यगृहे पुन्हा भरू लागली होती. प्रशांत दळवींचे 'चारचौघी' हे 1991 चे नाटक चंद्रकांत कुलकर्णींनीच पुन्हा उभे केले होते. पहिल्या संचात दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर. नव्या संचात रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. पहिला संच मी पाहिलेला नव्हता. 1991 साली मी शाळकरी पोर. तेव्हा हे नाटक ऐकले ते मोठ्यांच्या कुजबुजीतून. त्यामुळे नवे 'चारचौघी' माझ्या कागदावर सर्वांत आधी लिहिले गेले. पण कुठे? एका शनिवारी रात्री. त्याच दिवशी सकाळी एक विनोदी नाटक आणि दुपारी एक रहस्यनाट्य. त्यांची नावे सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता.

आई आणि तिच्या तीन मुली, विद्या, वैजू आणि विनी, यांचे हे नाटक. त्यातला विद्याचा टेलिफोनचा प्रसंग मराठी रंगभूमीवर गाजलेला आहे. विवाहित विद्या फोनवर नवऱ्याशी बोलते आहे, आणि प्रेक्षकाला ऐकू येते ते फक्त तिचेच बोलणे. मी ते बोलणे ऐकले, घड्याळाकडे पाहिले आणि मनाशी म्हणालो, प्रसंग ताणला आहे. परत जाताना लोकलमध्ये हेच मत पक्के झाले. सुटी संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी ते मोठ्या रुबाबात सांगितलेही. आमच्या शाळेतल्या एक बाई नाताळात मुंबईस जाणार होत्या आणि हेच नाटक पाहायचे त्यांच्या मनात होते. "मास्तर म्हणतात तर दुसरे काहीतरी बघते," असे म्हणून त्यांनी बेत बदलला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ताईने हट्ट धरला, की मला 'चारचौघी' दाखव. मी कुरकुरत तिच्याबरोबर गेलो. त्या दिवशी दुसरे काही नव्हते. दुपारी झोप झाली होती. तोच प्रसंग आला आणि मला कळले, की सहा महिन्यांपूर्वी मी तो पाहिलेलाच नव्हता.

त्या प्रसंगाचे मर्म विद्याच्या वाक्यांत जितके आहे, तितकेच त्या वाक्यांमधल्या थांबण्यात आहे. ती बोलते, थांबते, ऐकते. पलीकडून नवरा काय म्हणाला, हे लेखकाने आपल्याला दिलेले नाही. ते आपण भरायचे. तिच्या मानेच्या वळणावरून, पुढच्या शब्दाच्या धारेवरून आपण मनात त्याचे उत्तर तयार करतो आणि पाहता पाहता प्रेक्षागृहात बसलेला प्रत्येकजण तो नवरा होऊन बसतो. हे नाटककाराने आपल्याकडून करवून घेतलेले काम आहे. ज्याच्या कानात सकाळपासून दोन नाटकांचे संवाद घुमत आहेत, तो हे काम करील कशाने? त्याला त्या जागा रिकाम्याच दिसणार, आणि रिकामी जागा कंटाळवाणी वाटणार. लांबला होता तो प्रसंग नव्हे. माझा दिवस लांबला होता. ताई मध्यंतरानंतर एक शब्द बोलली नाही. गाडीत म्हणाली, "तुला हे आवडलं नव्हतं?"

मी शिकलेला समीक्षक नव्हे. दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत लागलो, आणि पुढे कादंबऱ्या लिहू लागलो. पण चित्रकलेच्या तासाला मी मुलांना एक गोष्ट दरवर्षी दाखवतो. राखाडी रंगाचा एकच तुकडा तांबड्या कागदावर ठेवला तर हिरवट भासतो, आणि हिरव्यावर ठेवला तर त्याला तांबूस छटा येते. तुकडा तोच, शेजार बदलला. नाटकांचेही असेच होत असले पाहिजे, हे मला इतक्या वर्षांत का सुचू नये? कादंबरीचे एक बरे असते. वाचक थकला तर ती मिटून उशाशी ठेवतो. ती तिथे वाट पाहत राहते. नाटक तिसरी घंटा झाल्यावर कोणासाठी थांबत नाही.

कोणी म्हणेल, जुने लोक तर रात्र रात्र संगीत नाटके बघत. बघत, पण एकच नाटक. वन्स मोअर घेत, मध्ये चहा पीत, पहाटेपर्यंत त्याच एका नाटकात राहत. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या तिन्हींचा सलग प्रयोग 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच केला होता. तो नऊ तासांचा. प्रेक्षकांनी तो पाहिला. तिथेही घर एकच होते, धरणगावच्या देशपांड्यांचे. दर अंकाला नवी ओळख करून घ्यायची नव्हती. दिवसभरात तीन निरनिराळ्या घरांत पाहुणा म्हणून जाणे निराळे. तिसऱ्या घरी यजमानाने कितीही सुग्रास वाढले, तरी आपण नुसते बोट लावून उठतो.

तर मी शेजार बदलून पाहिला. त्याच मे महिन्यात, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवून, प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' पाहिले. हे 2017 चे नाटक; 2023 च्या नोव्हेंबरात पाचशेव्या प्रयोगानंतर थांबले. रंगमंचावर दोनच पात्रे. एक तुकोबांची आवली आणि दुसरी लखूबाई होऊन तिच्या घरी राहायला आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि तिच्या शुश्रूषेसाठी रखुमाईला पाठवतो. तुकोबाही दिसत नाहीत, विठ्ठलही दिसत नाही. दोन बायका, न दिसणाऱ्या दोन पुरुषांविषयी बोलत, भांडत, गात राहतात. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांचे गाणे ऐकता ऐकता मला एकाएकी विद्याचा टेलिफोन आठवला. तिथेही पुरुष पलीकडे. एक शहरातले 1991 चे घर, एक देहूचे झोपडे. पण जो समोर नाही त्याच्याशी बाईने मांडलेला हिशेब तोच. फरक असा, की विद्याला उत्तर ऐकू येते आणि आपल्याला ऐकू येत नाही. आवलीला तर तेही नाही. ज्या देवावर ती तोंड सोडते, त्याची बायको तिच्या पायाला औषध लावते आहे, हे आपल्याला माहीत, तिला नाही. ही दोन नाटके मी एकाच दिवशी पाहिली असती, तर त्यांनी एकमेकींना पुसून टाकले असते. वर्षाच्या अंतराने पाहिली असती, तर हा धागा सापडला नसता. तीन दिवस बरोबर होते. निदान माझ्यापुरते.

शाळेतल्या बाईंना मी सारे सांगितले. म्हटले, मी चुकलो होतो, पुन्हा मुंबईस जाल तेव्हा जरूर पाहा. त्या हसल्या. त्यांचा तसा योग काही आला नाही.

यंदाचा कागद समोर आहे. आठ संध्याकाळी आणि नाटके चार. एक नवे, कोणी काही सांगण्याआधी पाहायचे. एक जुन्याचे नवे. एक जुहूच्या 'पृथ्वी'ला. तिथे तीन बाजूंनी प्रेक्षक आणि जेमतेम दोनशे खुर्च्या, नट इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. शिवाजी मंदिरच्या सवयीचे डोळे तिथे पहिली दहा मिनिटे बावरतात. शिवाय उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, म्हणून डोंबिवलीहून दोन तास आधी निघायचे. चौथ्या नाटकाचे नाव लिहिलेले नाही. पहिल्या तिघांतले जे मनात घोळत राहील, ते पुन्हा पाहायचे.

भावोजींनी कागद निरखून पाहिला. "मास्तर, चारच? तब्येत बरी आहे ना?"

ताई चकलीचे ताट घेऊन आली आणि मोकळ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "बुधवारी काही नाही ना तुझं? मग मला तेवढा माळ्यावरचा डबा काढून दे."