संशोधन-मार्गदर्शन : नियमांची चौकट आणि मसुद्याचे वाचन

पीएच.डी.च्या मार्गदर्शनाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने संख्येच्या अंगाने होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी प्राध्यापकास 8, सहयोगी प्राध्यापकास 6 आणि सहायक प्राध्यापकास 4 विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला सादरीकरणही आवश्यक ठरविले. मर्यादा योग्यच आहे. परंतु या दोन सादरीकरणांच्या मधल्या महिन्यांत मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचा मसुदा किती वेळा वाचावा, याची किमान अपेक्षाही त्यांत आढळत नाही. शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी 2018 मध्ये ठरलेल्या गुणांकनात प्रबंध सादर झाल्यास 5 व पदवी मिळाल्यास 10 गुण होते. म्हणजे फळाला गुण, मशागतीला नाही.

ही उणीव कोल्हापूरच्या इतिहास-संशोधनात विशेष जाणवते. येथील पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे दफ्तर आहे आणि त्यातील बराच भाग मोडीत आहे. मोडीचा वर्ग पूर्ण केलेला विद्यार्थीही प्रत्यक्ष रुमाल सोडल्यावर अडखळतो. लपेटीचे वळण, संक्षेप, कालगणना, तारखेचा मेळ या गोष्टी अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत बसत नाहीत. जाणत्याने शेजारी बसून दोन-चार कागद वाचून घ्यावे लागतात. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू (1962) डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली. असे साधन-संपादन हीच संशोधकाची खरी कार्यशाळा होय. मात्र आज संपादनाला प्रबंधाची प्रतिष्ठा नाही, त्यामुळे मूळ कागद टाळून छापील ग्रंथांवरच प्रबंध उभे राहतात. दोष एकट्या विद्यार्थ्याचा कसा मानावा? (मंगळवार पेठेतील तालमीत वस्ताद डाव नुसता तोंडी सांगत नाही, मातीत उतरून करून घेतो.)

महाविद्यालयीन मार्गदर्शकाची अडचणही खरी आहे. अध्यापन, परीक्षा आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून उरलेल्या वेळात तो प्रकरणे वाचतो; विद्यार्थीही बहुधा नोकरी करणारा असतो. परिणामी पहिले सविस्तर वाचन अनेकदा प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर होते, जेव्हा गृहीतक बदलण्याची सोय उरलेली नसते. तेव्हा मसुदा-वाचनाचे तास अध्यापनभारात धरावेत आणि सल्लागार समितीने सादरीकरणाच्या चित्रफिती पाहण्याऐवजी मार्गदर्शकाच्या शेऱ्यांसह मसुद्याची पाने मागवावीत.