गवताचे ‘फुलणे’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

पुष्पधारणेच्या आनुवंशिकीवर मराठीत जे लेखन होते, त्यात ‘फुलोरा’ हा एकच शब्द अनेक भिन्न अवस्थांसाठी राबविला जातो. जाईजुईच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. तृणवर्गाच्या बाबतीत मात्र अर्थहानी होते, आणि शिरूर-दौंडकडील बोलीशी ताडून पाहिले असता ती चटकन ध्यानी येते.

या टापूत ज्वारी प्रथम ‘पोटरीत येते’, मग ‘निसवते’ आणि त्यानंतर ‘फुलोऱ्यात’ येते. कणीस पानाच्या वेष्टनात दडलेले असणे, ते बाहेर पडणे व त्यावर परागकोश लोंबू लागणे, अशा या तीन अवस्था होत. ऊसही गवतच, पण त्याला ‘तुरा येतो’, आणि त्या शब्दात बागायतदाराची नाराजी मिसळलेली असते.

भातातील ‘एचडी’ मालिकेतील जनुकांना निसवण्याच्या दिवसावरून नाव मिळाले आहे. त्याचा ‘फुलोऱ्याचा दिवस’ असा अनुवाद करणे ही उघड चूक होय. ज्वारीतील ‘एमए’ मालिकेचे नाव तर पक्वतेवरून पडले. वस्तुतः या जनुकांचे कार्य निसवण्याच्या कितीतरी आधी घडते. ‘एचडी ३ए’चे प्रथिन पानात तयार होऊन शेंड्याकडे जाते, हे २००७ साली दाखविले गेले. २०११ साली ओळख पटलेले ‘एमए १’ लांब दिवसांत पुष्पधारणा रोखून धरते. निर्णय होतो तेव्हा पोटरीही फुगलेली नसते. या अदृश्य अवस्थेला शेतकऱ्याच्या भाषेत शब्द असणे शक्यच नव्हते; तेथे ‘पुष्पप्रेरण’ असा घडविलेला शब्द क्षम्य, नव्हे आवश्यक, आहे. बोलीचा अभिमान तेवढ्यापुरता आवरावा.

‘वासंतीकरण’ची गत याहून वाईट. मूळ रशियन शब्द वसंतात पेरावयाच्या धान्यावरून आला. अनुवादात वसंत उरला, पण प्रक्रियेचा प्राण असलेली हिवाळ्यातील थंडी नावातून निसटली. युरोपातील बहुवर्षायू राय गवताला आधी ती थंडी व मागाहून लांब दिवस लागतात. माळावरच्या कुसळीला अशा थंडीची गरज नाही. पावसाळा सरताना दिवस आखडू लागले की ती निसवते. मारवेलीत तर बी पुष्कळदा फलनावाचून धरते. त्यामुळे संकर घडवून गुणांचा वारसा तपासणे अवघड जाते आणि भात-ज्वारीवरून अनुमान करावे लागते. ते अनुमान आहे, हे मात्र लेखनात स्पष्ट म्हटले पाहिजे.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. कुसळ पिकण्यापूर्वी गवत कापले नाही, तर चारा निबर होतो व कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत आणि तोंडात रुततात. ‘फुलोऱ्यात कापणी करावी’ असे पत्रक मेंढपाळाच्या हाती पडल्यास, निसवलेली कुसळी पाहूनही तो थांबेल; लेखकाला अभिप्रेत दिवस तोच असतो.