राक्षस वजा केल्यावर

टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र पत्करतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा भूमिकांचा खेळ प्रथम प्रसिद्ध केला आणि आता तो आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींपर्यंतही पोहोचला आहे. काही पालक काळजीच्या सुरात आम्हाला विचारतात, की यात सैतानाची उपासना तर नाही ना? असा गवगवा १९८०च्या दशकात अमेरिकेतही पुष्कळ झाला होता. त्या भीतीत आम्हाला तथ्य दिसत नाही. मुलांनीच विचारलेला दुसरा एक प्रश्न मात्र आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. जादू नको, परी-राक्षस नकोत, आजचेच जग हवे. मग खेळायला गोष्ट आणायची कोठून?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अद्भुताच्या खेळात साहसाचे सारे सामान तयार असते. भुयार असते, खजिना असतो आणि वाटेवर राक्षस असतो. हा राक्षस केवळ शोभेचा नव्हे. ती एक नैतिक सोय आहे. त्याला मारले तर पंचनामा होत नाही, त्याची विधवा दारात येऊन बसत नाही, त्याच्या अंत्यविधीला कोणी जमत नाही. राक्षस वजा करा, आणि तलवारीच्या टोकापुढे उभा असलेला प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा होतो. आधुनिक काळातल्या खेळांसाठी ज्या साहसपुस्तिका छापल्या गेल्या, त्यांतील बऱ्याच या अडचणीला सामोऱ्या न जाता तिला बगल देतात, असे आमचे मत आहे.

‘टॉप सीक्रेट’ हा हेरगिरीचा खेळ पाहावा. मर्ल रासमुसेन यांनी तो रचला आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्याच प्रकाशकांनी, टीएसआर या संस्थेने, १९८० साली तो बाजारात आणला. सोबत ‘ऑपरेशन स्प्रेखेनहाल्टेश्टेल’ नावाची पुस्तिका होती. एक कल्पित वस्ती, तिचा नकाशा, आणि कोणत्या इमारतीत काय दडले आहे याची यादी. वाचताना जुने भुयारच हवेशीर करून रस्त्यावर मांडल्यासारखे वाटते. गल्लीला गल्ली म्हटले, दाराआडच्या शत्रूला हेर म्हटले, एवढाच फरक. याच खेळाच्या चाचणीच्या काळातली एक हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे. एका काल्पनिक हत्येच्या कटाचे टिपण कंपनीच्या छापील कागदावर लिहिलेले होते. ते कोणाच्या तरी हाती लागले आणि अमेरिकेच्या एफबीआयचा माणूस चौकशीला दारात उभा राहिला! ड्रॅगन मारण्याचा बेत वाचून कोणी पोलिसांकडे धावत नाही. आजच्या जगातला खेळ आणि आजचे जग यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्या चौकशीने दाखवून दिले.

पुढे १९८३ साली व्हिक्टरी गेम्सने जेम्स बाँडचा खेळ काढला. त्याच्या पुस्तिका चित्रपटांवरच बेतलेल्या होत्या. पण चित्रपट पाहिलेला खेळाडू फसावा म्हणून रचनाकारांनी कथेतले तपशील मुद्दाम बदलले. ही हुशारी दाद देण्यासारखी आहे. तरीही बाँडचा खलनायक म्हणजे सूट घातलेला ड्रॅगनच. १९६७च्या चित्रपटात तर त्याचा तळ ज्वालामुखीच्या पोटात आहे. गुहा, आग, राखणदार, काही म्हणता काही उणे नाही. ज्यांना धावपळ हवी त्यांनी हे खेळ खुशाल खेळावेत. आजच्या माणसांची गोष्ट त्यांत शोधू नये, इतकेच.

आम्हाला उपयोगी पडलेले पुस्तक आश्चर्यकारकरीत्या अंतराळाच्या खेळातले आहे. ‘ट्रॅव्हलर’ या १९७७च्या खेळासाठी लोरेन वाइजमन यांनी १९८० साली ‘७६ पेट्रन्स’ नावाची लहानशी पुस्तिका रचली. हिच्यात नकाशे नाहीत, लांबलचक कथानके नाहीत. कोणीतरी व्यक्ती खेळाडूंना भेटते व एक काम सांगते. त्या कामासाठी कोणती कौशल्ये लागतील, खेळाडूंना काय सांगावे आणि सूत्रधाराने स्वतःजवळ काय ठेवावे, एवढेच तेथे असते. खरी गंमत शेवटच्या भागात आहे. प्रकरणामागचे सत्य एकच ठरवलेले नसते. अनेक पर्याय दिलेले असतात आणि सूत्रधार फासा टाकून त्यांतला एक निवडतो. कधी सांगणारा अक्षरशः खरे बोलत असतो, कधी त्याने अर्धेच सांगितलेले असते. अंतराळयाने काढून टाकली तरी हा साचा जसाच्या तसा उरतो.

हा साचा पाहून आम्हाला आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयातले नीतिशास्त्राचे जुने लॅटिन ग्रंथ आठवले. आम्ही शिकत असताना त्यांवर धूळच अधिक होती. त्यांत तीतियुस, कायुस, बेर्ता अशी ठरीव नावांची माणसे असत आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक पेच अडकवलेला असे. तीतियुसने अजाणता चोरीची वस्तू विकत घेतली व पुढे दुसऱ्याला विकली. आता भरपाई कोणी कोणाला करायची? १९१७च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मगुरूंनी ठरावीक काळाने एकत्र बसून नीतिविषयक चर्चासभा भरवाव्यात, असा नियमच होता. थोडक्यात, टेबलाभोवती बसलेली मंडळी, एक कल्पित माणूस, आणि ‘तुम्ही काय कराल?’ हा सवाल! फासे तेवढे नव्हते. या पद्धतीचा धोकाही तेव्हापासून ठाऊक आहे. कर्तव्यातून निसटण्याच्या पळवाटा शोधण्यातच तिची बुद्धी खर्ची पडते, असा हल्ला पास्कालने १६५६-५७ साली आपल्या पत्रांतून चढवला होता. चतुर खेळाडूही नेमके हेच करतो. त्याला अडवणे हे सूत्रधाराचे काम.

जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ (२००९) सूत्रधारच ठेवत नाही. तीन ते पाच खेळाडू बसतात. फाशांच्या आधाराने यादीतून नाती, गरजा, जागा आणि वस्तू निवडल्या जातात. शेजारी बसलेल्या प्रत्येक दोघांत एक नाते असावेच लागते, आणि गोष्ट तेथून उगवते. मध्यावर एक उलथापालथ, मग घसरण. बंदूक नसली तरी साहस घडू शकते याचा याहून चांगला पुरावा आम्ही पाहिलेला नाही. पण या खेळाला माणसांची कीव येत नाही. दुबळ्या, हावरट माणसांची फजिती पाहून हसणे हाच त्याचा शेवटचा आनंद. कोणी सुधारले, कोणी वचन पाळले, तर खेळ जणू हिरमुसतो. सलग चार संध्याकाळी असे हसून मन जरा आंबते.

म्हणून आमच्या मते ‘फियास्को’तून नाते घ्यावे आणि ‘पेट्रन्स’मधून साचा. एक नमुना देऊन पाहतो. वाडीतली एक वृद्ध विधवा चार तरुणांना बोलावते. नवऱ्याच्या पश्चात निघालेल्या एका कुलमुखत्यारपत्रावर त्याची सही आहे. सातबाऱ्यावर बोजा चढला आहे. ती म्हणते, ‘ही सही त्यांची नव्हे, बाळांनो. कोणी केली ते शोधून द्या.’ आता फासा टाकावा. एक पडला तर तिचे म्हणणे अक्षरशः खरे. दोन पडले तर सही नवऱ्याचीच. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्याने गुपचूप कर्ज काढले होते आणि मुलीलाही ते ठाऊक नाही. तीन पडले तर सही आखातात असलेल्या थोरल्या मुलाने केली आहे आणि म्हातारीला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे; तिला फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचे आहे. चार, पाच, सहा खेळणाऱ्यांनी स्वतः भरावेत. तलाठी, दलाल, धाकटी सून ही पात्रे आपोआप चालत येतील. तिसऱ्या पर्यायात मुले सत्य शोधून काढतात आणि मग अंगणात उभी राहतात. सांगावे की न सांगावे? एकाही ड्रॅगनपुढे त्यांना एवढा घाम फुटणार नाही.

एक पथ्य मात्र हवे. वर्तमानपत्रातली प्रकरणे हा आयता साठा आहे, असे मुले म्हणतात, आणि तो आहेही. परंतु ज्या घरात अजून रडे थांबलेले नाही ते घर टेबलावर मांडू नये. (आम्हा धर्मगुरूंच्या कानी पडलेल्या गोष्टी तर दूरच राहोत.) गाव बदलून, नावे बदलूनही लहान समाजात माणूस ओळखू येतो. न्यायालयात निकाल लागून वर्षे लोटलेली, दूरची प्रकरणे घ्यावीत आणि त्यांतला पेच तेवढा उचलावा. तो मावायला पोस्टकार्डाची एक बाजू पुरते. सहा उत्तरे मागच्या बाजूला लिहावीत आणि ती बाजू सूत्रधाराने खाली करून ठेवावी.