जोसेफ डीलॅप : खेळ आणि सत्याग्रह

संगणकीय खेळांच्या विभागात शिकविणाऱ्या प्राध्यापकाने स्वतःच्या कलाकृतीत खेळण्यासच नकार द्यावा, हा विरोध जोसेफ डीलॅप यांच्या कार्यात प्रथम नजरेत भरतो. अमेरिकेतील नेव्हाडा विद्यापीठात दोन दशकांहून अधिक काळ डिजिटल कलेचे अध्यापन करून ते २०१७ साली स्कॉटलंडमधील ॲबर्टे विद्यापीठात खेळ व माध्यमे या विषयाचे प्राध्यापक झाले.

भारतीय अभ्यासकाचे लक्ष साहजिकच त्यांच्या २००८ मधील दांडीयात्रेकडे जाईल. न्यूयॉर्क येथील ‘आयबीम’ या कलासंस्थेत, १२ मार्च ते ६ एप्रिल या मूळ यात्रेच्याच तारखांना, ते ट्रेडमिलवर २४० मैल चालले. त्यांच्या पावलांबरोबर ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात गांधींची प्रतिमा पुढे सरकत होती. श्रम खरे होते, याविषयी वाद नाही. परंतु १९३० च्या यात्रेचे मर्म मिठाचा कायदा मोडण्यात होते, आणि येथे मोडावयास कायदा नव्हता, पकडावयास पोलीसही नव्हता. प्रदक्षिणेपलीकडे ही कृती जात नाही, असे आम्हांस वाटते. (पुढे याच प्रतिमेवरून त्यांनी १७ फूट उंचीचा पुठ्ठ्याचा गांधी उभारला. पुतळ्यांचा आपला सराव दांडगा असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही.)

गांधींचे नावही जेथे नाही, तेथे मात्र सत्याग्रह आढळतो. ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ अमेरिकी लष्कराने २००२ साली सैन्यभरतीच्या प्रचारार्थ विनामूल्य खुला केला. मार्च २००६ पासून डीलॅप त्यात शिरत, शस्त्र खाली टाकीत आणि इराकमध्ये मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांचे नाव, वय, दल व मृत्युदिनांक खेळाडूंच्या संवादपट्टीत टंकलिखित करीत. गोळी लागून पात्र पडले तरी लेखन चालूच राही. कोणी टर उडवी, कोणी त्यांना खेळाबाहेर काढी. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य माघारी गेले, तोवर ४,००० हून अधिक नावे लिहून झाली होती. खेळाचा नियम येथे उघडपणे मोडला गेला आणि त्याची शिक्षाही सोसली गेली. नियम कोठे ठिसूळ असतो, हे रचनेच्या अध्यापकास इतरांहून चांगले ठाऊक असावे.

इराकी मृतांना या यादीत स्थान नाही, ही उणीव गंभीर होय. त्यांच्या स्मारकासाठी २००७ साली डीलॅप यांनी कलावंतांकडून संकल्पना मागविल्या खऱ्या. पण त्या खेळात शिरून कोणास अडवीत नाहीत.

२०२२ साली लष्कराने हा खेळ बंद केला. संवादपट्टीतील अक्षरे क्षणभर दिसून पुसली जात. आज उरली आहेत ती पडद्यावरून टिपलेली चित्रे.