बागेचे काव्य आणि बागेचे कष्ट

उद्यानवर्णन हा वाङ्मयप्रकार दिसतो तितका सोपा नाही. फूल स्वभावतःच सुंदर. तेव्हा त्याचे नुसते नाव घेतले की आपले अर्धे काम झाले, असे लेखकास वाटू लागते आणि मग पानोपानी विशेषणांचा सडा पडतो. सीलिया थॅक्स्टर ह्या अमेरिकन कवयित्रीचे 'ॲन आयलंड गार्डन' हे १८९४ साली निघालेले पुस्तक ह्या दोषापासून सर्वथा मुक्त नाही; तथापि ज्या गुणामुळे ते अद्यापि वाचनीय राहिले आहे, तो गुण त्यातील सौंदर्यवर्णनात नाही, असे आमचे मत आहे.

न्यू हॅम्पशर व मेन ह्या प्रांतांच्या किनाऱ्यासमोर आयल्स ऑफ शोल्स नावाचा खडकाळ द्वीपसमूह आहे. बाईंचे वडील प्रथम तेथे दीपगृहाचे रखवालदार होते. पुढे १८४८ साली ॲपलडोर बेटावर त्यांनी मोठे हॉटेल उघडले. उन्हाळ्याची सुट्टी घालविण्यासाठी तेथे चित्रकार, गवई व ग्रंथकार जमत, आणि बाईंच्या बंगलीपुढील जेमतेम १५ फूट रुंद व ५० फूट लांब अशी बाग पाहून थक्क होत. येथे वाचकाने ऋतुभेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे मोगरा बहरतो तेव्हा ऊन जाळीत असते, आणि फुलांचे सुख आपण दिवस मावळल्यावर घेतो. तिकडे ग्रीष्मारंभ म्हणजे दीर्घ हिवाळ्यातून सुटका. म्हणून त्या फुलांविषयीच्या आनंदात कृतज्ञतेचा अंश अधिक.

परंतु पाहुण्यांना दिसे ते तयार फूल. बाईंनी लिहिले ते त्यापूर्वीचे महिने. ही सुट्टीतली बाग जन्मास येई ती मुख्य भूमीवरील घराच्या खिडकीत. खसखशीच्या जातीच्या फुलझाडास मुळे हलविलेली सोसत नाहीत. म्हणून त्यांचे बी अंड्यांच्या रिकाम्या टरफलांत पेरावयाचे, आणि वसंतात रोपे बोटीने बेटावर नेऊन, मुळांस धक्का न लावता टरफल काढून जमिनीत लावावयाची. पुढे गोगलगाईंशी युद्ध: मीठ झाले, चुना झाला, अखेर मुख्य भूमीवरून बेडूक मागविले! ही प्रकरणे वाचताना विशेषणांची उणीव भासत नाही. कृती अचूक सांगितली की भावना आपोआप व्यक्त होते.

ह्याच बाईंनी स्त्रियांच्या टोप्यांवरील पिसांसाठी होणाऱ्या पक्षिहत्येविरुद्ध १८८७ साली कडक लेख लिहिला होता. मग गोगलगाईंविषयी इतकी निष्ठुरता का, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस हा दोष वाटत नाही. बाग म्हणजे पक्षपातच. एकास वाढवावयाचे तर दुसऱ्यास उपटावे लागते. ही गोष्ट न झाकता सांगणे हाच प्रामाणिकपणा होय. खरा दोष अन्यत्र आहे. फुलांना सजीव सखी कल्पून त्यांच्याशी चाललेले सलगीचे संभाषण वरचेवर येऊ लागते, तेव्हा बाग नाहीशी होऊन केवळ बाईंचे हळवेपण उरते. चाइल्ड हॅसम ह्यांची पुस्तकातील रंगीत चित्रे मनोहर आहेत खरी. पण चित्रास बहराचा एकच क्षण साधतो, गद्यास सारे वर्ष साधते. बाई जेथे चित्राशी स्पर्धा करू पाहतात, तेथे त्या हरतात.

ह्या मतास काळानेही पुष्टी दिली आहे. पुस्तक निघाले त्याच वर्षी बाई वारल्या. १९१४ साली हॉटेल जळाले. बागेवर रान माजले. पुढे १९७७ साली बेटावरील सागरी प्रयोगशाळेच्या मंडळींनी तीच बाग त्याच जागी पुन्हा उभी केली, ती ह्याच पुस्तकातील आराखडा व झाडांची यादी ह्यांच्या आधारे. फुलांच्या स्तुतीने एक वाफाही परत आला नसता. कोणते झाड कोठे होते, हे ज्या पानांनी रुक्षपणे नोंदून ठेवले, त्यांनीच बाग वाचविली. सृष्टिवर्णनपर निबंधांचा आपल्याकडे तोटा नाही. त्यांतील किती निबंधांवरून एखादे अंगण पुन्हा लावता येईल, हे आमच्या लेखकांनी स्वतःशीच तपासून पाहावे.