रस्ता झाला, गाडी कुठे आहे?



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो फार मोठा आहे : देशातलं दळणवळण आणि प्रवासाच्या सोयी. विमानतळ किती झाले, वंदे भारत किती धावल्या, हे तुम्ही रोजच ऐकता. आम्ही आज देश बघणार आहोत तो अहेरीच्या बसस्थानकावरून. तिथून तो जरा वेगळा दिसतो.

1 जानेवारी 2025 ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. मुख्यमंत्री स्वतः त्या गाडीत बसले. स्वातंत्र्यानंतर त्या भागात आलेली ही पहिली एसटी. आनंदाचीच गोष्ट आहे, आम्हालाही आनंद झाला. पण जरा हिशेब करू. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तिथून निघालेली ही सोय एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला पोचायला साडेशहात्तर वर्षं लागली. गाडीला हार जरूर घालावा, पण घालताना आपली मान थोडी खाली जायला हवी.

आता दुसरा हिशेब. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 2015 मध्ये घोषणा झाली, 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला. दहा वर्षं. वडसा–गडचिरोली रेल्वे सुमारे 52 किलोमीटरची. तिला मंजुरी मिळाली ती समृद्धीच्या घोषणेच्याही आधी. समृद्धी पूर्ण झाला त्या दिवशीही या 52 किलोमीटरवर प्रवासी गाडी धावत नव्हती. जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला, क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, आणि रेल्वे म्हणाल तर उत्तरेच्या टोकाला एक देसाईगंज. सिरोंच्याच्या माणसाला ते दोनशे किलोमीटरहून लांब.

यावर उत्तर ठरलेलं असतं : जंगल आणि नक्षलवाद. दोन्ही खोटं नाही. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली आणि त्याच दिवशी जांभूळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यामुळे ‘काम का झालं नाही’ असं मुंबईत बसून विचारणं सोपं आहे. पण ही कारणं सगळ्यांना सारखी आडवी आली का? आमची टीका इथेच आहे.

इतिहास बघा. चांदा जिल्ह्याकडे रेल्वे आली ती 1870 च्या दशकात, वर्ध्याहून वरोऱ्याला. कशासाठी? नावातच आहे, वर्धा कोल स्टेट रेल्वे. कोळशासाठी. आज सुरजागडचं लोहखनिज निघतं. आधी ते ट्रकने जात होतं आणि एटापल्ली–आलापल्ली–आष्टी रस्त्याची काय दशा झाली हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. मग 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी पाइपलाइन झाली. ट्रक कमी होत असतील तर चांगलंच. पण लक्षात घ्या, त्याच जंगलातून, त्याच तालुक्यातून लोखंडाला स्वतंत्र वाट मिळाली. तीच गत पोलिसांची. वांगेतुरीला नोव्हेंबर 2023 मध्ये पोलीस ठाणं उभं राहिलं, गर्देवाड्याला जानेवारी 2024 मध्ये. एसटी आली त्यानंतर वर्षभराने. पोलीस आले म्हणून रस्ता झाला, रस्ता झाला म्हणून गाडी आली, हे खरंच आहे. आम्ही फक्त क्रम दाखवतो : आधी माल, मग बंदोबस्त, शेवटी माणूस.

जंगलाच्या अडचणीवर कायद्यातच एक वाट आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 3, पोटकलम 2. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. अट दोनच : हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एक हेक्टर म्हणजे किती? पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला तर दोन किलोमीटर. टोल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी एवढंच तर अंतर असतं! मग दर वेळी ‘वनविभागाची अडचण आहे’ असं ऐकून आपण परत का येतो? ग्रामसभेचा ठराव करून प्रस्ताव का देत नाही?

आता रस्ता झाला असं समजू. रस्ता म्हणजे प्रवास नव्हे. एसटीत एक शब्द आहे, भारमान. गाडीत माणसं किती भरली, त्यावर फेरी चालते नाहीतर बंद होते. शंभर घरांच्या गावाचं भारमान पुण्याच्या मापाने मोजलं, तर ती फेरी पहिल्या दिवसापासून तोट्यातच जाणार. पंतप्रधान ग्रामसडक योजनेने 2000 साली सुरुवात केली तेव्हा मैदानी भागात पाचशे लोकवस्तीचा निकष होता. आदिवासी भागासाठी तो अडीचशेवर आणला, नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी पुढे शंभरवर. म्हणजे रस्त्याचं माप बदलता येतं, हे सरकारला मान्य आहे. मग गाडीचं माप का बदलू नये?

सवलतींचंही तसंच. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. योजना चांगल्या आहेत. पण सवलत तिकिटावर आहे आणि तिकीट गाडीत मिळतं. जिथे गाडीच येत नाही तिथली आजी काळी-पिवळीला पूर्ण पैसे मोजते, नाहीतर चालते. जी बाई सगळ्यात लांब राहते तिलाच सवलत मिळत नाही.

आणि पावसाळा! भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तिथे उंच पुलाचं काम निघालं, ते व्हायलाच हवं. पण तालुक्यातल्या लहान नाल्यांचं काय? रपटा बुडाला की शाळा, रेशन, दवाखाना सगळं पलीकडे. 2024 च्या पावसाळ्यात भामरागड तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. बातमीत जेसीबीवाल्याचं कौतुक झालं, ते योग्यच. पण तो जेसीबी तिथे रस्त्याच्या कामासाठी आला होता. आधी रस्ता उकरून ठेवला आणि मोरी राहिली, म्हणून ती बाई बकेटमध्ये बसली. कामाचा क्रम पावसाचं कॅलेंडर बघून ठरवला असता तर ही वेळ आली नसती.

आता थोडं स्वतःबद्दल. आपण गडचिरोली-चंद्रपूरची शिकली-सवरलेली मंडळी निवेदनं देतो ती कशाची? रेल्वेची, विमानतळाची, समृद्धी गडचिरोलीपर्यंत वाढवण्याची. मागायला हरकत नाही. पण त्या निवेदनात टोल्यावरची मुक्कामी गाडी कधी असते? रात्री गावात थांबणारी आणि सकाळी तालुक्याला निघणारी एसटी असली तर मुलगी कॉलेजला जाऊन घरी परत येऊ शकते, बाजार करता येतो, तारखेला कोर्टात पोचता येतं. दुपारी बाराला येऊन साडेबाराला परतणारी गाडी कागदावर फेरी म्हणून दिसते, पण तिच्यात बसून कुणाचंही दिवसाचं काम होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दुर्गम फेऱ्यांना भारमानाची अट लावू नका, तोटा सरकारने वेगळा भरून द्यावा. वेळापत्रक आगारात ठरवण्याआधी ग्रामसभेला विचारा. आणि दर वर्षी मे महिन्याच्या आत कुठले रपटे बुडणार, याची यादी पंचायत समितीच्या फलकावर लावा.

यंदा आपण एवढं करू. गर्देवाड्याची गाडी रोज येते का, पावसाळ्यात किती दिवस बंद राहते, याची नोंद गावातल्या पोरांनी वहीत ठेवावी. पुढच्या 1 जानेवारीला ती वही इथे वाचू. उद्घाटनाचा फोटो सगळ्यांकडे आहे. वही कुणाकडेच नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, मागच्या रांगेतून आधी.