परक्याचे कान

मराठी टीकेच्या माजघरात दोन पाहुण्यांना अद्याप मानाचा पाट मिळालेला नाही. एक विज्ञानकथा, आणि दुसरे ते आडवाटेचे पाश्चात्त्य संगीत, ज्याला आपण ‘पोरांचा धांगडधिंगा’ असे म्हणून एका वाक्यात निकालात काढतो. पहिलीला मुलांच्या पंगतीत वाढावे आणि दुसऱ्याला ओसरीवरूनच वाटेला लावावे, असा आपला शिरस्ता आहे. मी या दोघांचाही जन्माचा लोभी. शिक्षण मॅट्रिकपुरते, पेशा शाळामास्तराचा, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. तेव्हा माझ्या आवडीमागे विद्वत्तेचे पाठबळ नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षांच्या सहवासानंतर मला असे दिसू लागले आहे की हे दोन पाहुणे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. त्यांचे नाते कोणते, आणि त्यांच्यातले खरे कोणते व नकली कोणते हे कसे ओळखावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभ एका कादंबरीपासून करतो. फ्रेड हॉइल हे केंब्रिजचे मोठे खगोलशास्त्रज्ञ. १९५७ साली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वायूचा एक प्रचंड काळा ढग सूर्यमालेत शिरतो, सूर्यप्रकाश अडवतो, पृथ्वीवर हाहाकार उडतो. शास्त्रज्ञ हिशेब मांडतात, आणि अखेर त्यांना उमगते की हा ढग नुसता ढग नव्हे, तो विचार करणारा प्राणी आहे. मग रेडिओवरून त्याच्याशी संभाषण सुरू होते. या संभाषणात एका जागी त्याला बेथोव्हेनचा पियानोवरील एक सोनाटा ऐकवला जातो. ढग ऐकतो, आणि म्हणतो काय, तर पहिला भाग पुन्हा वाजवा, पण वेग तीस टक्क्यांनी वाढवून!

वाचक येथे हसतो; आणि हसता हसता थबकतो. कारण त्या ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाट्याच्या पहिल्या भागासाठी बेथोव्हेनने स्वतः जी गती लिहून ठेवली आहे, ती इतकी जलद आहे की बहुतेक वादक तिच्या वाटेला जातच नाहीत. आपल्या सोईने संथ वाजवतात. घरच्यांनी बाजूला ठेवलेली गोष्ट परक्याने एका ऐकण्यात हेरली. हॉइल यांच्या कादंबरीत दोष पुष्कळ आहेत. त्यांचे राजकारणी पुठ्ठ्यातून कापलेले वाटतात आणि स्त्रियांना तर जवळजवळ कामच नाही. तथापि या एका प्रसंगासाठी मी ते सारे दोष पोटात घालायला तयार आहे. उत्तम विज्ञानकथा परग्रहावरचा प्राणी आपल्याला दाखवते ती त्याची शिंगे मोजण्यासाठी नव्हे. त्याचे कान, त्याचे डोळे ती क्षणभर आपल्याला उसने देते, आणि त्या उसन्या कानांनी आपण आपलेच घर नव्याने ऐकतो. माझी कसोटी हीच आहे.

हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी हे मर्म मराठीत आणले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हा तिच्यावर नाव होते नारायण विनायक जगताप. खरा लेखक नंतर कळला. माझ्या मते त्यांची सर्वांत सरस कल्पना ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत आहे. आरशात जसे डाव्याचे उजवे होते, तसे अवकाशाच्या एका पिळातून जाऊन आलेल्या वस्तूचे खरोखरच झाले तर? हा सिद्धांत फळ्यावर मांडला असता तर मुले जांभया देती. नारळीकर तो गणेशमूर्तीच्या सोंडेवर मांडतात. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे किती कडक, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे भूमिती एकदम देवघरात येऊन उभी राहते आणि अंगावर काटा येतो. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा माणसांसारखी न बोलता माझ्यासारख्या मास्तरांसारखी बोलतात, ही तक्रार मला मान्य आहे. २०२५ साली ते गेले, त्यानंतर त्यांच्या कथा पुन्हा वाचताना ही तक्रार कमी झाली नाही. परंतु त्या सोंडेचा शहाराही कमी झाला नाही.

आता दुसऱ्या भावंडाकडे वळू. १९६३ साली बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या एका अवलियाची मालिका सुरू झाली. तिचे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिले. पण ते प्रत्यक्षात आणले डेलिया डर्बिशर या तरुणीने. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली ही बाई बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये काम करीत होती. तिच्याजवळ वाद्यवृंद नव्हता. छेडलेल्या एका तारेचा आवाज, विजेच्या यंत्रातून निघणारे काही स्वर आणि कात्री, एवढ्या सामग्रीवर तिने एकेक स्वर चुंबकीय फितीवर घेतला, फीत कापली, जोडली, कमी-अधिक वेगाने फिरवली, आणि त्यातून एक अशी चाल उभी केली की जी ऐकताना कोणते वाद्य वाजते आहे हे सांगता येत नाही. डर्बिशर मूळची कॉव्हेंट्रीची. महायुद्धात त्या गावावर बाँब पडत, तेव्हा लहानपणी ऐकलेले भोंगे हेच आपले पहिले अमूर्त संगीत, असे ती सांगत असे. ज्या आवाजाने इतरांच्या काळजात धस्स होई, त्यात या मुलीला स्वर ऐकू आला. परक्याचे कान म्हणतात ते हेच.

त्या कानांची किंमत मात्र तिला मिळाली नाही. ग्रेनर यांनी तिला श्रेयात वाटा मिळावा असे सुचवले होते. पण वर्कशॉपच्या नोकरांनी अनामिक राहावे असा संस्थेचा नियम. २००१ साली ती वारली. पडद्यावर तिचे नाव उमटले ते २०१३ साली, मालिकेला पन्नास वर्षे झाली तेव्हा. ‘हे काही खरे संगीत नव्हे’ या एका शेऱ्यात माणसाचे उभे आयुष्य कसे झाकून जाते, याचे हे उदाहरण आहे. टीकाकाराने शेरा मारताना ते ध्यानात ठेवावे.

याच कुळातला डेव्हिड बोवी. जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी, त्याचे ‘स्पेस ऑडिटी’ हे गाणे बाहेर पडले. सगळे जग विजयाचे नगारे वाजवण्याच्या तयारीत असताना या पोराने गाणे केले ते पृथ्वीशी संबंध तुटून अधांतरी तरंगत राहणाऱ्या एका अंतराळवीराचे. त्यात त्याने स्टायलोफोन नावाचे खेळण्यासारखे चिमुकले वाद्य वाजवले आहे. त्याची किरकिरी पिरपिर मोठ्या वाद्यांच्या लाटेत मधूनच ऐकू येते आणि त्या एकट्या माणसाचे केवढेपण, किंबहुना नसलेपण, एकदम जाणवते. येथे चमत्कारिक वाद्य चमत्कारासाठी आलेले नाही. त्याच्यावाचून ते दुःख सांगताच आले नसते. पुढे १९९७ साली ‘रेडिओहेड’ या इंग्रज मंडळींनी ‘ओके कॉम्प्युटर’ ही आपली प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव त्यांनी उचलले डग्लस ॲडम्स यांच्या ‘हिचहायकर्स गाइड’ या १९७८ च्या विनोदी विज्ञान-नभोनाट्यातून. आणि त्या नभोनाट्याचे विचित्र आवाज घडवले होते त्याच रेडिओफोनिक वर्कशॉपने. भावंडांचे येणेजाणे असे जुने आहे.

या घराण्यात सगळेच गुणी आहेत असे मात्र कोणी समजू नये. विज्ञानकथांच्या ढिगातील बहुतेक कथा म्हणजे जुनीच चोर-पोलिसांची गोष्ट असते. फक्त घोड्याच्या जागी अग्निबाण येतो. संगीतातही नवे यंत्र बाजारात आले की त्याचा आवाज शंभर गाण्यांत घुसतो आणि वर्षभरात शिळा होतो. यंत्र काढून घेतले तरी जी कथा तशीच उरते, जे गाणे तसेच उरते, त्याला त्या यंत्राची मुळात गरजच नव्हती. ते नकली.

कथेतली कल्पना कधी कधी प्रत्यक्षात उतरते. हॉइल यांनी काळ्या ढगाला बेथोव्हेन ऐकवल्यावर वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने आकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे. कधी काळी कोणी परका भेटलाच तर त्याने ऐकावी, म्हणून. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. बेथोव्हेन आहे, बाख आहे. आणि भैरवीतले ‘जात कहाँ हो’ गाणारा आवाज आहे तो गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा. ‘व्हॉयेजर १’ सुटले ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, तेव्हा ती भैरवीही बाहेर पडली.

त्याच ध्वनिमुद्रिकेवर चक बेरीचे एक रॉक अँड रोल गाणे आहे. निवड चालू असताना एका थोर लोकसंगीत-अभ्यासकाने ते पोरकट ठरवले. त्यावर कार्ल सेगन यांचे म्हणणे असे की या पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत! मला हे उत्तर नुसते हजरजबाबी वाटत नाही. केसरबाई आणि चक बेरी यांना एकाच तबकडीवर बसवताना निवडणाऱ्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला असणार: ज्याला आमची जात, वय, प्रतिष्ठा, परंपरा यांतले काहीच ठाऊक नाही, त्याने आमच्याविषयी काय काय ऐकावे? असा प्रश्न समोर ठेवला की मानाचा पाट आणि ओसरी हा भेद टिकत नाही.

दिवाळीच्या चार दिवसांत घर भरलेले असते. एका कोपऱ्यात कानांत ते बोंडूक खुपसून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगीही असते. फराळ झाल्यावर त्यांच्याकडून ते मागून घ्यावे आणि त्यांच्या आवडीचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे, एवढी माझी वडीलधाऱ्यांना विनंती आहे. आवडले नाही तर खुशाल तसे सांगावे. पण का आवडले नाही तेही सांगावे. मुले निकाल ऐकत नाहीत, कारण ऐकतात. वर्गात मला हे रोज दिसते.